पाच जणांची टीम, कोड लिहिणारे दोघं: अशा प्रोजेक्टमधून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, पाच जणांची टीम, सेमिस्टरभराचा प्रोजेक्ट. प्रयोगशाळेतली उपकरणं आगाऊ बुक करता येतील असं वेब अ‍ॅप बनवायचंय. मॉड्यूलं वाटून झालीत: लॉगिन एकाकडे, बुकिंग दुसऱ्याकडे, अ‍ॅडमिन पॅनेल तिसऱ्याकडे, डेटाबेस चौथ्याकडे, आणि पाचवा ‘डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी बघतो’. प्रत्यक्षात कोड दोघंच लिहितायत. प्रश्नकर्ते विचारतात की यातून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग खरंच शिकता येतं, की मार्कांपुरतं हे उरकून खरं शिकण्यासाठी एकट्याने काहीतरी बनवावं?

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करतोय आणि जोडीला विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टना मार्गदर्शक, कधी बाहेरचा परीक्षक म्हणून बसतो. तुमच्या प्रश्नात न राबणाऱ्या तिघांची तक्रार ठळक आहे. ती खोटी नाही. पण मला जास्त खटकली ती वाटणी. पाच मॉड्यूलं, पाच माणसं, ज्याने त्याने आपापल्या लॅपटॉपवर करायचं आणि शेवटच्या आठवड्यात ‘इंटिग्रेट’ करायचं. याला टीम प्रोजेक्ट म्हणायचं ते कागदोपत्री. मुखपृष्ठ एक, आत पाच सुटे प्रोजेक्ट. आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणून जे शिकायचं असतं ते नेमकं या पाचांच्या मधल्या फटीत असतं, जिथे तुमच्या वाटणीनुसार कोणीच उभं नाही.

आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं सरसकट वाटणार नाही. टीम तुम्ही निवडली की नेमून दिली, मार्क सगळ्यांना सारखे की वेगवेगळे, गाइड दर आठवड्याला काम बघतात की थेट सबमिशनला, आणि हातात किती आठवडे उरलेत, यावर बरंच ठरतं. तीन आठवडेच उरले असतील तर खालचं अर्धं सोडून द्या. टीमचा आकारही बघा. दोघांत बोलण्याचा मार्ग एकच, तिघांत तीन, पाचांत दहा, आठांत अठ्ठावीस. पाच ही संख्या वाईट नाही, पण दहाही मार्ग आपोआप चालू राहतील असं समजू नका.

आता एकट्याने करण्याबद्दल. एकट्याने बनवलेल्या प्रोजेक्टमधून भाषा शिकता येते, फ्रेमवर्क शिकता येतं, रात्रभर एरर शोधायची चिकाटी येते. हे सगळं लागतंच. पण एकट्याच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक निर्णयामागचं कारण तुमच्या डोक्यात असतं. ते कुणाला सांगावं लागत नाही, लिहून ठेवावं लागत नाही, त्यावर कुणी वाद घालत नाही. व्हेरिएबलचं नाव ‘टेम्प२’ असलं तरी चालतं, कारण त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. नोकरीत पहिल्याच दिवशी उलटं होतं. समोर लाखभर ओळींचा कोड असतो, त्यातली एकही तुमची नसते, आणि ज्याने लिहिली तो कंपनी सोडून गेलेला असतो.

या विद्याशाखेचा जन्मच या अडचणीतून झाला. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावात नाटोने भरवलेल्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ केलं. तेव्हाही प्रोग्राम लिहिता येणारी हुशार माणसं होतीच. मोठी प्रणाली अनेकांनी मिळून, वेळेत आणि भरवशाची कशी बनवायची, हे मात्र कुणाला धड जमत नव्हतं. म्हणजे तुमची टीम आज जिथे अडखळतेय तोच या विषयाचा गाभा आहे. अभ्यासक्रमातला हा भाग टाळून बाकीचा शिकता येत नाही.

त्या फटी दिसतात कशा, ते तुमच्याच अ‍ॅपवरून दाखवतो. बुकिंगचा फॉर्म करणाऱ्याने तारीख मजकूर म्हणून सर्व्हरला पाठवली: ०५/०६/२०२५. त्याच्या मनात पाच जून. सर्व्हरची बाजू लिहिणाऱ्याने घेतलेली लायब्ररी आधी महिना वाचते, म्हणून डेटाबेसात सहा मे गेली. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, स्क्रीनवर ‘बुकिंग यशस्वी’. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना (दिवस आणि महिन्याचा आकडा सारखा असलेली तारीख सोडून) हे असंच बिनबोभाट चुकत राहतं. तेरा तारखेचं बुकिंग केलं की मग एरर येते, कारण तेरावा महिना नसतो. दोघांनीही आपापलं मॉड्यूल ‘टेस्ट’ केलेलं असतं आणि दोघांचंही बरोबर असतं! तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आयएसओ ८६०१ प्रमाणे पाठवायची, एवढं ठरवून एका फाइलीत लिहून ठेवायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यावरही भागतंच असं नाही. जावास्क्रिप्ट या भाषेतलं टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शन वेळ यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक प्रमाणवेळेत, बदलून देतं. ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्याने स्थानिक मध्यरात्रीची तारीख त्यातून काढली की ती एक दिवस मागे सरकते. हे कुठल्या व्याख्यानात लक्षात राहत नाही. दुसऱ्याच्या कोडला आपला कोड भिडला की मात्र जन्मभर राहतं.

विद्यार्थ्यांच्याच टीमचं असं होतं असं समजू नका. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचलं आणि गमावलं गेलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले, ते घेणाऱ्या दुसऱ्या गटाने न्यूटन-सेकंद धरले. दोन्हीकडे जाणकार माणसं होती. चूक सांध्यात होती आणि ती वेळेत कुणी पकडली नाही.

दुसरी एक गंमत परीक्षक म्हणून मी वारंवार बघतो. डेटाबेस उघडायला सांगितला की त्यात वापरकर्त्यांची दोन टेबलं निघतात. एक लॉगिनवाल्याने केलेलं, एक अ‍ॅडमिनवाल्याने. एकात ईमेल, दुसऱ्यात रोल नंबर, आणि दोन्हींना जोडणारा एक ओढूनताणून लिहिलेला कोड, ज्याला हात लावायला सगळेच घाबरतात. मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात त्याच रचनेची प्रणाली ती संस्था बनवते. दोन टेबलं दिसली की ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, हे मला विचारावं लागत नाही.

तर करायचं काय?

पहिलं म्हणजे जोडणी शेवटी न ठेवता पहिल्या दोन आठवड्यांत करा. एक स्क्रीन, तिच्यावर एक बटण. ते दाबलं की विनंती सर्व्हरला जाते, डेटाबेसात एक ओळ पडते, आणि ती परत स्क्रीनवर दिसते. लॉगिन नाही, रंगरंगोटी नाही, उपकरणाचं नाव कोडमध्येच लिहिलेलं. पण हे पाचही जणांच्या मशिनवर चाललं पाहिजे, आणि शक्यतो बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ हे वाक्य या टप्प्यावर ऐकू आलं तर बरंच आहे. एकाकडे नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती वेगळी, दुसऱ्याने पासवर्ड कोडमध्येच लिहून रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडच्या साठ्यात, ढकललेला, तिसऱ्याकडे डेटाबेसच सुरू होत नाही. ही दुखणी दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी निस्तरतात. सबमिशनच्या आदल्या रात्री तीच प्रोजेक्ट बुडवतात. एकदा हा सांगाडा उभा राहिला की पुढचं प्रत्येक काम त्यातच भरत जायचं, आणि मुख्य ब्रँच, म्हणजे सगळ्यांच्या कोडची सामायिक प्रत, कायम चालती ठेवायची.

दुसरं, वाटणी आडवी नको, उभी करा. ‘डेटाबेस तुझा, फॉर्म माझा’ असं नको. ‘विद्यार्थ्याला आपलं बुकिंग रद्द करता आलं पाहिजे’ हे एक काम, आणि ते घेणाऱ्याने फॉर्मपासून टेबलापर्यंत सगळीकडे हात घालायचा. सुरुवातीला वेग कमी होतो, हे खरं आहे. ज्याला फक्त सीएसएस (पानाची सजावट) येतं त्याला एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहावं लागतं. पण तुम्ही कॉलेजात आहात, इथे वेग कमी झाल्याने कुणाचा पगार अडत नाही.

तिसरं म्हणजे कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने वाचून तपासणं, आणि इथे मी जरा हट्टी आहे. विद्यार्थ्यांच्या रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, म्हणजे मर्ज करण्याची विनंती) हल्ली दिसतात, पण त्यावर शेरा काय? ‘छान’, एक अंगठा, मर्ज. दोन हजार ओळींची पुल रिक्वेस्ट आली तर दुसरं होणार तरी काय? ती शंभर-दोनशे ओळींच्या आत ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला वाचता येईल. आणि वाचणाऱ्याने स्पेलिंगच्या चुका काढण्यापेक्षा एखादा तरी खरा प्रश्न विचारावा.

खरा प्रश्न कसा असतो ते बघा. बुकिंगच्या कोडमध्ये साधारण असं असतं: आधी टेबलात शोधायचं की या उपकरणाचा हा स्लॉट कुणी घेतलाय का, नसेल तर नवी ओळ घालायची. वाचायला सरळ आहे. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारावं, ‘दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर?’ दोघांच्याही शोधाला ‘स्लॉट रिकामा आहे’ हेच उत्तर मिळतं, दोघांच्याही ओळी पडतात, आणि एका सूक्ष्मदर्शकासमोर दोन विद्यार्थी उभे राहतात. यावर इलाज डेटाबेसात आहे. उपकरण, तारीख आणि स्लॉट या तिन्हींवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जुळणी दुसऱ्यांदा येऊ न देणारं बंधन, लावायचं. मग दुसरी ओळ डेटाबेसच नाकारतो आणि कोडने ‘स्लॉट नुकताच गेला’ असं सांगायचं. आता तुमची मूळ वाटणी आठवा. तपासणी बुकिंगवाल्याच्या कोडमध्ये, कन्स्ट्रेंट डेटाबेसवाल्याच्या ताब्यात. बुकिंगवाल्याला वाटतं तपासलंय, डेटाबेसवाल्याला कुणी मागितलंच नाही. व्हायवाला मी दोन ब्राउझर शेजारी उघडून हेच करायला सांगतो. नेहमीच दुहेरी बुकिंग होतं असं नाही, तो वेळेचा खेळ आहे. पण ‘झालं तर काय होईल?’ याचं उत्तर टीममध्ये कोण देतं, ते बघण्यासारखं असतं.

आता न राबणाऱ्या तिघांकडे वळू. ‘कामचुकार’ हा शिक्का मारण्याआधी तिघांची तीन कारणं असू शकतात, हे बघा. एकाला गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) येत नाही आणि ते कबूल करायची लाज वाटते. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी आदळले, की तो लॅपटॉप मिटतो. दुसऱ्याला काम द्यायचं राहूनच गेलंय, कारण तुम्ही दोघं भराभर करून टाकता आणि त्याला समजेपर्यंत कोड बदललेला असतो. हे हुशार मुलांच्या टीममध्ये फार होतं, आणि त्यात दोष कोडिंग करणाऱ्यांचाही असतो. तिसऱ्याला खरोखरच मार्कांपलीकडे रस नाही. पहिल्या दोघांवर उपाय एकच: एक छोटं, उभं काम घेऊन शेजारी बसा, कीबोर्ड त्याच्या हातात द्या आणि आपण फक्त बोला. अशी दोन-तीन कामं झाली की बरीचशी माणसं मार्गी लागतात. तिसऱ्याला मात्र बदलायच्या भानगडीत पडू नका. त्याला अशी कामं द्या जी अडली तरी बाकीच्यांचं अडणार नाही, आणि काय ठरलं होतं, काय झालं, ते आठवड्याच्या नोंदीत लिहीत चला.

ही नोंद साधी ठेवा: कोण काय करणार होतं, किती वेळ लागेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात किती लागला, कुठे अडलं. अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन रकाने शेजारी ठेवले की महिन्याभरात आपल्याच अंदाजाचं हसू येतं, आणि मग तो सुधारायला लागतो. गाइडकडे तक्रार न्यायची वेळ आलीच तर हीच नोंद घेऊन जा, आणि तीही सेमिस्टरच्या मध्याआधी. शेवटच्या आठवड्यात गेलात तर गाइडला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. आणि शेवटच्या आठवड्यात त्या तिघांना एकदम कामाला जुंपलं तरी फायदा नाही. रखडलेल्या प्रोजेक्टमध्ये आणखी माणसं घातली की तो आणखी रखडतो, हे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या अनुभवातून १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्याला समजावून सांगण्यात जुन्याचा वेळ जातो, एवढं साधं कारण आहे.

कमिटची, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांची, संख्या मोजून कोणी किती काम केलं ते ठरवू नका, परीक्षकांनीही ठरवू नये. जोडीने बसून लिहिलेला कोड एकाच्याच नावावर पडतो. मर्ज करताना स्क्वॉश केलं की दहा कमिटांचा एक होतो. कुणी फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) चालवला की हजार ओळी त्याच्या नावावर चढतात. जोडीने काम केलं असेल तर कमिटच्या संदेशात दोघांची नावं घाला, त्याची सोय आहे.

डॉक्युमेंटेशनवाल्या पाचव्याबद्दल. त्याला त्या कामातून सोडवा. बहुतेक ठिकाणी रिपोर्टचा साचा ठरलेला असतो: एसआरएस (काय बनवायचं त्याची यादी), मग डीएफडी आणि यूएमएल (रचनेच्या आकृत्या), मग कोड, मग टेस्टिंग. आणि बहुतेक टीम कोड झाल्यावर मागे येऊन त्याच्यावरून आकृत्या काढतात. वरातीमागून घोडे. ज्या एका दिशेने उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा हा साचा, त्यांची गाजलेली आकृती विन्स्टन रॉईस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाच्या १९७० च्या लेखात आहे. त्याच लेखात त्यांनी बजावलंय की ती अशी सरळ राबवणं धोक्याचं आहे, आणि मागे परतून दुरुस्त्या करण्याची तजवीज सुचवलीय. रिपोर्ट मागतात म्हणून तो द्या. पण टीमच्या कामाचं लिखाण वेगळं असतं: नव्या माणसाने प्रोजेक्ट चालू कसा करायचा याची एक रीडमी, आणि ‘हे असं का ठरवलं’ याच्या चार-चार ओळींच्या तारीखवार नोंदी. स्लॉट अर्ध्या तासाचा का, रद्द केलेलं बुकिंग पुसत का नाही, पासवर्ड आपण न साठवता कॉलेजचं लॉगिन का वापरतो. हे ज्याने ठरवलं त्यानेच लिहायचं. पाचव्याला उभी कामं द्या.

एआयने लिहून दिलेल्या कोडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आता हे टाळून बोलता येत नाही. वापरा, हरकत नाही. फक्त टीममध्ये एक नियम करा: ज्याच्या नावाने पुल रिक्वेस्ट आली त्याला तिच्यातली कुठलीही ओळ समजावून सांगता आली पाहिजे, नाहीतर मर्ज नाही. पाच जण पाच वेगळ्या चॅटमधून कोड आणायला लागले की वापरकर्त्यांची दोनच्या जागी चार टेबलं होतात, कारण त्या प्रत्येक चॅटला बाकीच्या चौघांनी काय ठरवलंय ते माहीत नसतं. कोड मिळणं स्वस्त झालंय. तो आपल्या प्रणालीत बसतो का, हे बघणारी नजर मात्र तुम्हालाच कमवावी लागते, आणि ती रिव्ह्यू करूनच येते.

इतकं सगळं एका सेमिस्टरमध्ये जमणार नाही. तीनच गोष्टी निवडायला सांगितल्या तर मी म्हणेन: दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालता सांगाडा, उभी कामं, आणि न वाचता काही मर्ज करायचं नाही. त्यासाठी फीचर कमी करावे लागले तर खुशाल करा. अ‍ॅडमिन पॅनेलचे रंगीत चार्ट गेले तर कुणाचं काही बिघडत नाही.

राहिला एकट्याच्या प्रोजेक्टचा प्रश्न. करा की, जरूर करा, पण याच्याऐवजी नको. सुट्टीत करा, नवीन भाषा शिकायला करा. टीम खरोखरच बिनकामाची निघाली, गाइडनेही हात वर केले, तर मी एकट्याने नवं काही काढण्याऐवजी एखाद्या चालू ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात छोटी दुरुस्ती पाठवायला सांगेन. तिथे दुसऱ्यांचा कोड वाचावा लागतो, ठरलेले नियम पाळावे लागतात, आणि अनोळखी माणूस तुमच्या वीस ओळींवर दहा प्रश्न विचारतो. उणीव एवढीच की तिथले मोठे निर्णय आधीच झालेले असतात. डेटाबेस कसा रचायचा यावर चौघांशी भांडायची संधी तिथे मिळत नाही, ती तुमच्या टीममध्ये आत्ता आहे. म्हणून ओपन सोर्सकडे वळण्याआधी या आठवड्यात पाचांना एकदा एकत्र बसवा, डेटाबेसची रचना फळ्यावर काढा, आणि वापरकर्त्यांचं टेबल एकच आहे ना ते बघा.